बदलीचा हिशेब कोणाच्या वहीत?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल हा आपल्याकडील कार्यकर्त्यांच्या नित्य चर्चेचा विषय नव्हे. तरीही गेली काही वर्षे त्या खेळात एक वाद रंगला आहे आणि त्याचा सूर कोणत्याही कामगाराला ओळखीचा वाटावा असा आहे. संघातील मुख्य धावपटूला जास्त पैसे कशाला द्यायचे, त्याच्या जागी बाकावरचा स्वस्त बदली खेळाडू उभा केला तरी काम भागते की नाही, असा हा वाद. मालक हे म्हणतात यात नवल नाही. नवल याचे, की आकडेशास्त्राचे पंडित, वृत्तपत्रांतील समीक्षक आणि खुद्द प्रेक्षकही हेच म्हणू लागले आहेत, आणि तेही निःपक्षपाती विज्ञानाच्या थाटात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की बदली धावपटूचे जे मूल्यमापन आज चालते ते वस्तुतः बदली धावपटूचे मूल्यमापनच नव्हे. मुख्य धावपटूची मजुरी पाडण्यासाठी वापरलेले ते वजनमाप आहे. आणि ज्याच्या नावाने ते वापरले जाते त्या बदलीच्या पदरातही त्यातून काही पडत नाही.

प्रथम खेळ थोडक्यात समजून घेऊ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू संघाकडे राहतो. पुढे सरकण्याचे मार्ग दोन: क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा, नाही तर रनिंग बॅकच्या हाती द्यायचा. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या धिप्पाड बचावात घुसणारा खेळाडू. त्याच्यापुढे पाच जणांची एक फळी असते, जी अंगाने धक्के देऊन त्याच्यासाठी वाट फोडते. चेंडू हाती आला की प्रत्येक वेळी शेवटी त्याला कोणीतरी जमिनीवर पाडणार, हे ठरलेलेच. एका हंगामात दोनशे, तीनशे वेळा हा मार खायचा. खेळाडूंच्या संघटनेच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यानुसार या खेळातील सर्वसाधारण कारकीर्द सुमारे ३.३ वर्षांची, रनिंग बॅकची त्याहूनही कमी. हंगामाच्या तोंडावर प्रत्येक संघ ५३ खेळाडू ठेवतो. त्यांत तीन-चार रनिंग बॅक असतात: एक मुख्य, बाकीचे बदली.

बदली हा शब्द मराठी कामगाराला समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या दरवाज्यावर रोज सकाळी उभा राहणारा, कोणी गैरहजर राहिला तर आत घेतला जाणारा, नाही तर रिकाम्या हाताने परत फिरणारा माणूस आपल्या चळवळीने चांगला पाहिलेला आहे.

मापात खोट

बदली रनिंग बॅकची योग्यता कशी ठरवतात? सर्वात जुने व सर्वात आवडते माप म्हणजे दर धावेमागील सरासरी यार्ड. मुख्य खेळाडूची सरासरी ४ आणि बदलीची ५, तर बदली श्रेष्ठ, असा हा सरळ हिशेब. परंतु मुख्य खेळाडू पहिल्या मिनिटापासून ताज्या बचावावर आदळतो. बदली पुष्कळदा तोच बचाव दमल्यावर ताज्या पायांनी मैदानात येतो. प्रतिपक्ष चेंडू फेकला जाण्याची वाट पाहत असताना बदलीच्या हाती चेंडू दिला, तर समोर मोकळे मैदान मिळते. उलट, अवघा एक यार्ड हवा असताना ज्याला माणसांच्या भिंतीत घुसवले जाते, त्याची सरासरी त्या कामामुळेच घटते. काम वेगळे, वेळ वेगळी, आणि मापाची काठी मात्र एकच!

डॅलस काउबॉइज संघाचे उदाहरण घ्या. एझेकिएल इलियट २०१६ मध्ये या संघात आला आणि पहिल्या तीन हंगामांत ८६८ वेळा चेंडू घेऊन धावला. त्यापैकी दोन हंगामांत तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता. २०१९ मध्ये त्याने सहा वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा वाढीव करार मिळवला. त्याच वर्षी टोनी पोलार्ड हा बदली म्हणून आला. २०२२ मध्ये इलियट २३१ धावांत ८७६ यार्ड गेला, सरासरी ३.८, पोलार्ड १९३ धावांत १००७ यार्ड, सरासरी ५.२. झाले! पंडितांनी निकाल दिला आणि मार्च २०२३ मध्ये इलियटला संघाने मोकळे केले. कराराच्या कागदावर सहा वर्षे होती. मालकाच्या वहीत ती दोनच निघाली. पुढे काय घडले? २०२३ मध्ये पोलार्ड मुख्य धावपटू झाला. २५२ वेळा धावला, १००५ यार्ड गेला, आणि त्याची सरासरी ४.० वर आली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या पायाचे हाड मोडले होते, हेही विसरता कामा नये. याचा अर्थ पोलार्ड खोटा ठरला असा नव्हे. याचा अर्थ इतकाच की बदलीच्या कामात मिळालेला आकडा मुख्य कामाला लावणे हेच मुळात खोटे होते. इलियटला पाडण्यासाठी पोलार्डचा आकडा वापरला गेला, आणि पुढल्याच वर्षी पोलार्डला पाडण्यासाठी पोलार्डचाच आकडा पुरेसा झाला.

थोडक्या नमुन्यावरून मोठा निष्कर्ष काढण्याचा दुसरा दाखला तर या खेळाच्या इतिहासात कोरलेला आहे. जानेवारी १९८८ च्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, वॉशिंग्टन संघाने टिमी स्मिथ या नवख्या बदलीला उतरवले. साऱ्या हंगामात तो केवळ २९ वेळा धावला होता. त्या एका सामन्यात तो २२ धावांत २०४ यार्ड गेला. सुपर बोलमधील तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. पुढील हंगामात त्याचे ४७० यार्ड झाले आणि थोड्याच काळात त्याची कारकीर्द संपली. एका दिवसाच्या तेजावरून माणसाची किंमत ठरवणारे त्याला डोक्यावर घेऊन नाचले, आणि तेच त्याला सर्वांत आधी विसरले.

वाट कोणी फोडली?

येथे शहाणा प्रतिपक्षी म्हणेल: सरासरीचे माप कच्चे आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. आता खेळाडूंच्या खांद्यावरील पॅडमध्ये चिपा बसवलेल्या असतात, प्रत्येकाची जागा व वेग क्षणोक्षणी टिपला जातो, आणि त्या परिस्थितीत सर्वसाधारण धावपटू किती यार्ड गेला असता हे काढून त्याहून अधिक किती मिळाले ते मोजता येते. या नव्या मापानेही हेच दिसते, की यश मुख्यतः फळीवर व डावाच्या आखणीवर अवलंबून असते. धावणारा कोण याने फारसा फरक पडत नाही.

या युक्तिवादातील पहिला भाग खरा आहे आणि तो आपण निःसंकोच मान्य केला पाहिजे. डेन्व्हर ब्राँकोज संघाने तो नव्वदीच्या दशकातच सिद्ध केला होता. प्रशिक्षक माइक शॅनहान आणि फळीचे प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स यांनी पाचही जणांनी एकाच दिशेने सरकत वाट फोडण्याची पद्धत बसवली. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत निवडलेला टेरेल डेव्हिस १९९८ मध्ये २००८ यार्ड गेला. १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला. ओलांडिस गॅरी आला आणि ११५९ यार्ड गेला. २००० च्या पहिल्याच सामन्यात गॅरीचा गुडघा गेला. माइक अँडरसन आला आणि १४८७ यार्ड गेला. ही मालिका पंडित मोठ्या कौतुकाने सांगतात. दोन वर्षांत दोन गुडघे त्या वाटेवर बळी गेले, हे मात्र त्याच दमात सांगत नाहीत.

अगदी अलीकडचा दाखला याहून स्पष्ट आहे. साकॉन बार्कली २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला तेव्हा त्याची सरासरी ३.९ होती. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि ३४५ धावांत २००५ यार्ड गेला, सरासरी ५.८. माणूस तोच, पाय तेच. बदलली ती पुढची फळी. जॉर्डन मेलाटा, लँडन डिकर्सन, कॅम जर्गन्स, मेकाय बेक्टन, लेन जॉन्सन या पाच जणांच्या खांद्यांनी त्याला वाट करून दिली.

म्हणजे सिद्ध काय झाले? मैदानावरील उत्पादन सामूहिक असते, हे सिद्ध झाले. एकाच्या नावावर लागलेला प्रत्येक यार्ड अनेकांच्या श्रमाचा असतो, हे तर आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत! परंतु ‘उत्पादन सामूहिक आहे’ या विधानावरून ‘म्हणून या एका श्रमिकाची मजुरी कमी करा’ हा निष्कर्ष कसा निघतो? यंत्रमागावरचे कापड सूत कातणारा, ताणा बसवणारा, विणणारा अशा साऱ्यांचे असते. म्हणून विणकराला कमी द्या असे कोणी म्हणेल काय? पण मालकाची वही नेमके हेच म्हणते, आणि पंडित त्यावर विज्ञानाचा शिक्का मारतात.

बदली जन्मत नाही, घडवला जातो

रनिंग बॅक सहज मिळतो, म्हणून तो स्वस्त, हा बाजाराचा नियमच आहे असे सांगितले जाते. हा बाजार तरी कसला? तरुण खेळाडूने शाळा सोडल्यावर तीन वर्षे होईपर्यंत लीगचे दार बंद. दार उघडल्यावर ड्राफ्टमध्ये जो संघ निवडील त्याच्याकडेच जायचे. २०११ च्या सामूहिक करारापासून नवख्याचा करार चार वर्षांचा, रक्कम निवडीच्या क्रमाने बांधलेली, आणि तीन हंगाम होईपर्यंत फेरवाटाघाट नाही. पहिल्या फेरीतील खेळाडूला संघ पाचवे वर्षही आपल्या मर्जीने अडकवू शकतो. एवढे झाल्यावरही फ्रँचायझी टॅग नावाचा फास शिल्लक असतोच: ठरावीक रकमेत आणखी एक वर्ष, खेळाडूची इच्छा असो वा नसो. क्वार्टरबॅकला हे सोसते, कारण तो पस्तिशीपर्यंत खेळतो. रनिंग बॅकच्या शरीरातील उत्तम वर्षे मात्र नेमकी या बांधलेल्या काळातच संपतात. तो खुल्या बाजारात येतो तेव्हा उसाचे चिपाड झालेला असतो. आणि मग चिपाडाला रस कमी, म्हणून भाव कमी, असे त्यालाच ऐकवले जाते.

या फासाची पकड आकड्यांत पाहा. २०१७ मध्ये रनिंग बॅकच्या टॅगची रक्कम १ कोटी २१ लाख डॉलर होती, तर संघाची एकूण वेतनमर्यादा १६ कोटी ७० लाख. २०२३ मध्ये वेतनमर्यादा २२ कोटी ४८ लाखांवर गेली आणि रनिंग बॅकचा टॅग १ कोटी ९१ हजारांवर उतरला. त्याच वर्षी क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी २४ लाख होता. बार्कली, जोश जेकब्ज आणि पोलार्ड या तिघांवर त्या वर्षी हा टॅग पडला.

पिट्सबर्ग स्टीलर्सची कथा तर नमुनेदार आहे. २०१८ मध्ये लेव्हिऑन बेल याने सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरचा टॅग नाकारला आणि संपूर्ण हंगाम तो घरी बसला. त्याचे धैर्य मोजण्याऐवजी साऱ्यांनी त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरचे यार्ड मोजले. कर्करोगातून बरा झालेला हा तरुण नवख्याच्या स्वस्त करारावर ९७३ यार्ड गेला. बेलची गरज काय होती, असा जयघोष झाला. संघ त्या वर्षी बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही, ही गोष्ट जयघोषात बुडाली. पुढे कॉनरचा स्वस्त करार संपला आणि २०२१ मध्ये संघाने त्यालाही जाऊ दिले. त्याच्या जागी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नाजी हॅरिसला आणले. हॅरिस चारही हंगामांत हजारावर यार्ड गेला. तरी पाचव्या वर्षाचा हक्क संघाने वापरला नाही आणि तोही २०२५ मध्ये दुसरीकडे गेला. कालचा बदली आजचा मुख्य, आजचा मुख्य उद्याचा नकोसा. गरज सरो, वैद्य मरो! पहिल्याला पाडण्यासाठी दुसऱ्याची स्तुती आणि दुसऱ्याला पाडण्यासाठी तिसऱ्याची.

यावर बार्कलीचे नाव पुढे करून सांगितले जाते, की पाहा, मार्च २०२५ मध्ये त्याला सरासरी वर्षाला २ कोटी डॉलरहून अधिक मिळाले. बाजाराने आपली चूक आपणच सुधारली. पण त्यासाठी काय करावे लागले? जुना संघ सोडावा लागला, दोन हजार यार्ड धावावे लागले आणि अजिंक्यपद मिळवून द्यावे लागले. हजारात एकाने भिंत ओलांडली म्हणून भिंत नाही असे होत नाही.

‘लक्षाधीशांसाठी अश्रू कशाला?’

आपल्यातीलच काही मित्र विचारतील, की लाखो डॉलर मिळवणाऱ्यांची कैवारी भाषा आपण का बोलावी? प्रश्न रास्त आहे. नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन २०२४ मध्ये ७ लाख ९५ हजार डॉलर होते. सराव-तुकडीतील खेळाडूला आठवड्याला किमान १२,५०० डॉलर मिळत. सामान्य अमेरिकन कामगाराच्या मानाने हे पुष्कळ आहे. पण हे पैसे दोन-तीन वर्षांचे असतात आणि मोडलेला गुडघा जन्मभराचा. दुसरे म्हणजे, शोषण हे मजुरीच्या आकड्यावरून ठरत नाही. निर्माण झालेली संपत्ती कोणाकडे जाते यावरून ठरते. ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ लोकांच्या भागभांडवलावर उभा आहे आणि त्यामुळे त्याचे हिशेब जाहीर होतात. त्यांवरून कळते, की मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगच्या समाईक उत्पन्नातून प्रत्येक संघाला ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. त्या हंगामाची वेतनमर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. म्हणजे मैदानावर एकही तिकीट विकण्यापूर्वी खेळाडूंच्या साऱ्या वेतनाची भरपाई होऊन वर भला मोठा ऐवज उरतो.

आणि या वेतनमर्यादेतच खरी मेख आहे. खेळाडूंचा एकूण वाटा सुमारे ४८ टक्क्यांवर बांधलेला आहे. त्यामुळे रनिंग बॅकला जास्त दिले तर ते क्वार्टरबॅकच्या किंवा फळीच्या ताटातून जाणार, मालकाच्या नव्हे. एका कामगाराचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा ठरावा अशी ही रचना आहे. मुख्य विरुद्ध बदली, धावणारा विरुद्ध वाट फोडणारा, म्हातारा विरुद्ध नवखा अशी भांडणे लागतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो. हा करार मार्च २०२० मध्ये खेळाडूंनी १०१९ विरुद्ध ९५९ मतांनी, अवघ्या साठ मतांच्या फरकाने मंजूर केला. त्यातून मालकांना सतरावा सामनाही मिळाला, म्हणजे धावपटूच्या अंगावर आणखी एका सामन्याचा मार आला.

इतिहासाची कठोर थट्टा अशी, की या खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या खटल्यावर एका रनिंग बॅकचेच नाव आहे. १९८७ मध्ये याच मागणीसाठी खेळाडूंनी २४ दिवस संप केला. मालकांनी बाहेरून बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने चालवले आणि संप मोडला. बदलीचा हत्यार म्हणून इतका उघडा वापर क्वचितच झाला असेल. वॉशिंग्टनच्या बदली संघाने ते तिन्ही सामने जिंकले. पुढे न्यूयॉर्क जेट्सचा रनिंग बॅक फ्रीमन मॅकनील आणि त्याचे सात सहकारी न्यायालयात गेले. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिस येथील ज्यूरीने मालकांचे निर्बंध बेकायदा ठरवले. त्यातून १९९३ चा करार झाला आणि स्वातंत्र्य आले. पण त्याच करारातून वेतनमर्यादा व फ्रँचायझी टॅगही आले. दार उघडणाऱ्याच्याच पायात बेडी पडली.

मग करावे काय?

मोजणीला आपला विरोध नाही. आपला विरोध एकतर्फी मोजणीला आहे. बदली रनिंग बॅकचे न्याय्य मूल्यमापन करायचे तर त्याला कोणत्या प्रसंगी उतरवले, समोर बचावाची किती माणसे उभी होती आणि फळीतील कोण जखमी होते, हे आधी पाहावे लागेल. धावण्याव्यतिरिक्त तो क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवतो की नाही, किकच्या वेळी जिवावर उदार होऊन धावतो की नाही, चेंडू हातून निसटू देतो काय, हेही पाहावे लागेल, कारण बदलीची बहुतेक मेहनत सरासरीच्या रकान्यात येतच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: त्याच्या चांगल्या कामाचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, दुसऱ्याची मजुरी कापण्यासाठी तो दाखला म्हणून वापरला जाता कामा नये. मैदानावरील वेळ आणि वेतन यांच्यातील तफावत भरून काढण्यासाठी लीगमध्ये एक निधी आजही आहे. म्हणजे वेतन कामाशी जुळत नाही हे लीगने स्वतःच मान्य केले आहे. प्रश्न फक्त तो निधी पुरेसा करण्याचा आहे. नवख्याचा करार चारऐवजी तीन वर्षांचा करणे, टॅग रद्द करणे आणि दुखापतीनंतरच्या वेतनाची हमी देणे, या मागण्या त्याच्याच पुढच्या पायऱ्या आहेत.

हे कोण मिळवील? २०१९ मध्ये रनिंग बॅकांची स्वतंत्र संघटना मान्य करावी असा अर्ज अमेरिकेच्या श्रमसंबंध मंडळाकडे गेला होता. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्टिन एकेलरच्या पुढाकाराने नामवंत रनिंग बॅकांनी दूरदृश्य बैठक घेतली. तिथे संताप होता, पण हातात ताकद नव्हती. वेगळी चूल मांडून हा प्रश्न सुटणार नाही. मुख्य धावपटूंनी बाकावरच्या बदलीला आपला प्रतिस्पर्धी मानण्याचे सोडले पाहिजे, आणि फळीतल्या पाच जणांनी धावणाऱ्याचे दुखणे आपले मानले पाहिजे. सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे. त्यापूर्वी ही एकजूट बांधता आली तरच ४८ टक्क्यांची भिंत हलेल. नाही तर १९८७ ची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही.

‘तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील’ हे वाक्य जगातील प्रत्येक मालकाला पाठ असते. त्याला उत्तर एकच असते आणि ते छप्पन्नांनी मिळून द्यायचे असते.